सर आमचं घर बघायला आले तेव्हा

मी शिक्षक आहे आणि माझा धाकटा भाऊ जेलमध्ये आहे. म्हणजे नोकरीला आहे. हे मी मुद्दाम असं तोडून सांगतो, कारण समोरच्याचा चेहरा बघायला मजा येते. पहिलं वाक्य ऐकून लोक माझ्याकडे आदरानं बघतात आणि भावासाठी हळहळतात. दुसरं ऐकलं की सगळं उलटं होतं. मग विचारतात, भाऊ पर्मनंट का? त्याच्या लग्नाचं काय? माझ्या लग्नाचं कुणी विचारत नाही.

आमचं गाव मखमलाबाद, आता नाशिक शहरातच गेलेलं. घरचं थोडं शेत आहे, त्यात झेंडू आणि शेवंती. पहाटे फुलं तोडायची, गाडीवर टाकायची, पंचवटीत फुलबाजारात द्यायची आणि तिथूनच हातपाय धुऊन शाळेत जायचं, हा माझा शिरस्ता. बाजारात एखादा पालक भेटला की हमखास म्हणतो, अरे सर, तुम्ही इथं? जसं काही मला चोरीच्या मालासकट पकडलंय. मी सुरुवातीला सांगायचो की भावाला मदत, आईला मदत, वगैरे. आता सरळ सांगतो की शाळेतून भागत नाही. पालक मान हलवतात, झेंडूचा भाव विचारतात आणि त्यातही घासाघीस करतात.

शाळा विनाअनुदानित. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. शाळेला सरकारची मान्यता असते, पुस्तकं सरकारची, परीक्षा सरकारची, पण शिक्षकांचा पगार सरकार देत नाही. तो संस्थेनं द्यायचा असतो. म्हणजे तो कुणीच देत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात बातमी येते की यंदा अनुदान मिळणार, आम्ही मुंबईला जाऊन मैदानात बसतो, ऊन खातो, आश्वासन घेतो, परत येतो. निवडणूक आली की मात्र आम्ही अगदी सरकारचे. मतदान यंत्रं सांभाळायला, घरोघर फिरून याद्या तपासायला आमच्याशिवाय सरकारचं पान हलत नाही. ड्युटीला गेलो नाही तर कारवाईची नोटीस येते. पगार न देता कारवाई करता येते, हे मला तिथंच कळलं.

तर मी शिक्षक झालो तो एका सरांमुळे. सातवीत ते आम्हाला मराठी शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा गप्प व्हायची. एकदा शिकवता शिकवता ते थांबले आणि म्हणाले, कुणाकुणाला शिक्षक व्हायचंय, हात वर करा. मी एकट्यानं केला. बाकीच्यांना डॉक्टर, पोलीस, ड्रायव्हर व्हायचं होतं. सरांनी मला पुढं बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाला सांगितलं की हा माझी जागा घेणार आहे, टाळ्या वाजवा. पोरांनी वाजवल्या. त्या टाळ्या मला पुढं कितीतरी वर्षं पुरल्या, खोटं कशाला बोलू.

भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्ग खाली होता आणि बहुतेक वेळ वर्गाबाहेर असायचा. ओंडके रचायला सांगा, झाडावर चढायला सांगा, पोरगा तयार. गणित म्हटलं की पोटात दुखायचं. सरांनी त्याच्याबद्दल घरी येऊन बाबांना सांगितलं होतं की मोठ्याला शेतात अडकवू नका, त्याला शिकवा, आणि धाकट्याचं काही खरं नाही. बाबांनी ऐकलं. मी बीए झालो, बीएड झालो. नोकरी लागताना संस्थाचालकांनी विषय कुठले शिकवता हे विचारलं नाही, संस्थेला काय मदत कराल तेवढं विचारलं. बाबांनी रस्त्याकडेचा गुंठा विकला. त्यानंतर थोड्याच काळात बाबा गेले. आपला मुलगा मास्तर झाला या समाधानात गेले, एवढं बरं.

भाऊ दुसऱ्या खेपेला बारावी झाला आणि जेल शिपायाची भरती निघाली. त्याची तयारी मी करून घेतली. स्वयंपाकघरात पाट मांडून शेकडेवारी, काळ-काम-वेग, जिल्हे आणि नद्या, सगळं घोकवून घेतलं. मखमलाबादच्या रस्त्यावर तो पळायचा आणि मी मागून सायकलवर. चिडायचा, रडायचा, म्हणायचा, दादा माझ्याच्यानं होत नाही. पण लेखी परीक्षेत असा उतरला की मलाच खरं वाटेना. ऑर्डर आली त्या दिवशी आईनं गावभर पेढे वाटले. माझी नोकरी लागली तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली होती. मी हे मनावर घेतलं नाही असं सगळ्यांना सांगतो.

भावाच्या नोकरीबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही. मनोऱ्यावर उभं राहायचं, बंद्यांची मोजणी करायची, कुलपं लावायची, उघडायची, भेटीला आलेल्या बायकापोरांचं रडणं रोज ऐकायचं. दिवाळीला रजा नाही, गणपतीला नाही. घरी आला की बराच वेळ कुणाशी बोलत नाही, नुसता गोठ्यात गाईजवळ जाऊन उभा राहतो. त्याला पगार जास्त मिळतो असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला मिळतो तो पगार आहे. मला मिळतं त्याला पगार म्हणायची सोय नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि माझ्या हाताखालून गेलेली, भरतीसाठी मी फुकट शिकवलेली कितीतरी पोरं आज खाकीत आहेत. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात आणि चहाचे पैसे मला देऊ देत नाहीत.

आता स्थळाचं. माझं वय वाढत चाललं होतं. स्थळं यायची, नोकरी विनाअनुदानित कळलं की पुन्हा फोन यायचा नाही. आणि एक दिवस पंचवटीतले आमचे एक मामा सांगत आले की तुझ्या त्या सरांची मुलगी आहे, रक्त-लघवी तपासतात त्या लॅबमध्ये काम करते, सरांना तुझं नाव सांगितलं तर ते खूश झाले. मला तर आकाश ठेंगणं झालं. दुसरं कुणी नको म्हणेल, सर कसे म्हणतील? सरांना शिक्षकाची किंमत माहीत होती ना.

आम्ही त्यांच्याकडे जाऊन मुलगी बघितली. पोहे झाले, मग आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. तिनं मला विचारलं, मुलं तुम्हाला घाबरतात का? मी म्हटलं, नाही, उलट डोक्यावर बसतात. ती हसली. शिक्षकाच्या घरात वाढलेय, वह्यांचे गठ्ठे बघायची सवय आहे, असंही म्हणाली. निघताना तिचा होकार मामांकडून कळला. मला ती मनापासून आवडली होती. परत येताना मी गाडी थांबवून दोन नवे शर्ट घेतले, जे मी सहसा दिवाळीशिवाय घेत नाही.

आमच्यात रीत अशी की मुलगी पसंत पडली की मुलीकडचे एकदा मुलाचं घर बघायला येतात. गुरंढोरं, विहीर, माणसं, सगळं नजरेखालून घालतात. सर आणि त्यांची बायको येणार ठरलं. मुलगी या भेटीला येत नाही, तशी रीत नाही. आईनं दोन दिवस घर घासलं. आणि मग तिच्या डोक्यात एक कल्पना आली. तिनं भावाला सांगितलं की ड्युटीवरून आलास की कपडे बदलू नको, वर्दीवरच बस. माझ्यासमोरच म्हणाली, "घरात एक सरकारी माणूस हाय म्हटल्यावर पाव्हण्यांनाबी धीर येतो." भाऊ नको म्हणत होता. मीच म्हटलं, बस रे, आईच्या समाधानासाठी. आमचं एवढंच चुकलं.

भाऊ बाहेरच्या खोलीत कडक इस्त्रीच्या खाकीत, बूट दाराशी, टोपी खिडकीत, असा बसला. मी नव्या शर्टात. सर आले. मी वाकलो, त्यांनी पाठीवर थाप मारली, सातवीची आठवण काढली. मग त्यांची नजर भावावर गेली ती तिथंच राहिली. कुठं असतोस? नाशिकरोडला. क्वार्टर मिळालं का? मिळालंय, पण घरूनच जातो. प्रमोशन कसं असतं? मेडिकल सगळ्यांना लागू का, आईबापांनासुद्धा? भाऊ बिचारा उत्तरं देत होता. मला सरांनी एवढंच विचारलं की अनुदानाचं काही कळलं का. मी म्हटलं, फाइल मंत्रालयात आहे. ते म्हणाले, हं.

शेत दाखवलं, विहीर दाखवली, आईनं दोन जादा जिलब्या वाढल्या. सरांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मोठ्याचं आम्हाला जमणार नाही. पण धाकट्याचं बघत असाल, तर आजच सुपारी फोडू."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण आईचा चेहरा बघितला आणि कळलं की नीटच ऐकलंय. ती लगेच नाही म्हणाली नाही. तिनं भावाकडे बघितलं. दोन बिनलग्नाची पोरं घरात, एकाचं तरी मार्गी लागतंय, हे तिच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं. मी तिला दोष देत नाही. पण आतून काहीतरी फाटलं, ते फाटलंच.

मी म्हटलं, "सर, मी तुमच्या सांगण्यावरून शिक्षक झालो."

"अरे, आमच्या वेळचं मास्तरपण वेगळं होतं," सर म्हणाले. आवाज तोच, वर्गातला, समजावून सांगणारा. "मला पहिल्या महिन्यापासून सरकारचा पगार होता. आज पेन्शन आहे. तुझ्या हातात काय आहे? तू शिकवतोस छान, सगळे सांगतात. शाळा सोड, क्लास काढ."

काय संताप आला मला! हा माणूस आयुष्यभर व्यासपीठावरून शिक्षकाला देश घडवणारा, देश घडवणारा म्हणत आला. त्याच्या पेन्शनवर बंगला उभा राहिला. आणि स्वतःची मुलगी द्यायची वेळ आली तेव्हा त्याला बरोब्बर माहीत होतं शिक्षकाची किंमत किती. माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. दुसऱ्या कुणी, एखाद्या दुकानदारानं, ठेकेदारानं नाकारलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण हे नकार देत होते म्हणजे माझ्याच धंद्याचा जाणकार नकार देत होता. आणि मुलीनं हो म्हटलं होतं, त्याचं काय? तिला कुणी विचारलं होतं का, की थोरला नको, धाकटा चालेल का? भाजी बदलून घ्यावी तसं चाललं होतं सगळं.

तेवढ्यात सरांची बायको, तोवर एक शब्द न बोललेली, भावाला म्हणाली की पत्रिकेत मात्र जेल असं घालायला नको, गृह खातं असं छापू. लोकांनी विचारलं तर पोलिसात आहेत म्हणून सांगू. सर म्हणाले, हो हो, ते बघता येईल.

भाऊ उठला. तो चिडका नाही, जेलमध्ये चिडून चालत नाही. पण त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

"सर, तुम्ही मला वर्गाबाहेर उभं करायचात. मला दादानं घरी शिकवलं. ही वर्दी दादानं शिकवलेल्या गणितावर मिळालीय. तिचा पगार तुम्हाला चालतो, शिकवणारा चालत नाही. आणि मी जेलमध्ये आहे, हे सांगायला तुम्हाला लाज वाटते. दोघांचीही लाज वाटत असेल तर पोरगी नेमकी कुणाला द्यायला आलाय?"

सरांनी पिशवी उचलली, चपला घातल्या. आईनं सवयीनं पानसुपारीचं तबक आणलं होतं, ते तसंच हातात राहिलं. ते गेल्यावर आई भावावर इतकी भडकली की विचारू नका. म्हणाली, त्याचं तोंड त्याला जन्मभर नडणार. भाऊ वर्दी काढून गोठ्यात गेला. मी त्याच्या मागं गेलो. गाईजवळ उभे राहिलो दोघं.

त्या मुलीचा नंतर मला एक मेसेज आला. माझं कुणी ऐकत नाही, माफ करा, एवढाच. तिचं लग्न ओझरच्या कारखान्यातल्या एका पर्मनंट माणसाशी झालं. सुखात असावी. भावाचंही पुढं झालं, आणि त्यानं हट्टानं पत्रिकेत नावाखाली ठळक अक्षरात कारागृह शिपाई असं छापून घेतलं. आईला ते आवडलं नाही, पण मी त्या पत्रिका वाटायला स्वतः फिरलो. माझं झालेलं नाही. शाळा सोडायचं मी अनेकदा ठरवलं. सोडली नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही, आणि मुलांवरच्या प्रेमापोटी वगैरे म्हणायला लावू नका, त्या प्रेमाच्या नावावरच आम्हाला फुकट राबवलं जातं.

यंदाचा शिक्षकदिन सांगून थांबतो. आमच्या संस्थेत तो थाटात होतो. सगळ्या शिक्षकांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार असतो. नारळाची वर्गणी आम्ही शिक्षकच काढतो. शाली संस्थेच्या आहेत, आणि त्या त्याच आहेत. कार्यक्रम संपला की शिपाई पिशवी घेऊन फिरतो, आम्ही घडी करून परत देतो, पुढच्या वर्षासाठी. मुलांना हे माहीत नसतं, कारण तोवर त्यांना वर्गात पाठवलेलं असतं.

प्रमुख पाहुणे म्हणून सर आले. मला आधी ठाऊक नव्हतं. थकले होते, पण पांढरा शर्ट आणि दोन पेनं तशीच. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवर सांगितलं की हा माझा लाडका विद्यार्थी. मग भाषण केलं, शिक्षक देश घडवतो, शिक्षकाची जागा सगळ्यांच्या वर. टाळ्या. संस्थाचालक जोरात वाजवत होते. मी खुर्चीत बसून दात आवळून ऐकत होतो. आणि शेवटी सर थांबले, मुलांकडे बघून हसले आणि म्हणाले, "सांगा बघू, कुणाकुणाला शिक्षक व्हायचंय? हात वर करा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दहावीच्या रांगेतून एकच हात अर्धा वर आला. ती मुलगी मला माहीत होती. तिची आई फुलबाजारात माझ्या शेजारी बसून गजरे विकते. वर्गात सगळ्यांत हुशार, लहान भावंडांना शिकवते, फळ्यावर लिहायला कधी सांगतोय याची वाट बघत असते. हात अर्धा ठेवूनच तिनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणावं म्हणून.

मी मान हलवली. नको. अगदी हळू, पण तिला दिसेल अशी. तिनं हात खाली घेतला.

सरांनी ते बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मीही बघत राहिलो, आणि या खेपेला मान त्यांनी खाली घातली. मग ते दुसरंच काहीतरी बोलले, अभ्यास करा, मोठे व्हा, असलं. राष्ट्रगीत झालं, मुलं वर्गात गेली.

ती मात्र गेली नाही. मंडपाच्या खांबाशी थांबून राहिली आणि मी खाली उतरल्यावर जवळ आली. "सर, तुम्ही नको का म्हणालात?"

मी तिला सांगणार होतो. काय सांगणार होतो ते आता आठवत नाही, पण तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शिपाई पिशवी घेऊन मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, सर, शाल.

मी खांद्यावरची शाल काढली, घडी केली, पिशवीत टाकली. मुलीनं पिशवीकडे बघितलं. मग तिनं परत काही विचारलं नाही.